उशी धरून हसा

"सिस्टर, या नानांना गप्प करा हो! हसलं की टाके ओढतात," पोट धरून पाटणकर कळवळले. शेजारच्या खाटेवरचे नाना तमाशातले सोंगाडे. त्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, म्हणून तोंड मोकळं सुटलं होतं.

ऑपरेशननंतर मात्र नाना चिडीचूप. छातीत कफ साचला, ताप चढू लागला, तरी दुखेल म्हणून ते खोकायलाच तयार नव्हते. सिस्टरनी खोकताना टाक्यांना आधार म्हणून पोटाशी धरायला उशी दिली, समजावलं, रागावल्याही. नानांनी मानेनंच नकार दिला.

"पाटणकर, आता तुम्ही काहीतरी सांगा," सिस्टर म्हणाल्या.

पाटणकरांनी नानांचाच गाढवाचा किस्सा काढला. आधी शेवट सांगून टाकला, मग गाढवाऐवजी म्हैस आणली आणि तिला काय करायचं तेच विसरले.

"अरे देवा! पाटणकर, पार माती केली किश्श्याची!" नाना उशी आवळून हसू लागले आणि हसता हसता जोरात खोकले. कफ सुटला. सिस्टरनी हसतच भांडं पुढे धरलं.

"थांबा की," पाटणकर रुसून म्हणाले, "माझा किस्सा अजून संपला नाही."