भिंतीचं तोंड

"इथं उभी राहा, आजी. आणि तसूभरही हलू नको," प्रज्ञा म्हणाली.

रुक्माबाई काळ्या दगडावर चढली. पाठीमागे भिंत होती, सुपासारखी खोल, दोन पुरुष उंच. आत दगड, वरून चुना, चुन्यात केळीच्या खोडाचा धागा कुटून घातलेला. छप्पर नाही, खांब नाहीत, विजेची तार तर नाहीच. पुण्याहून शिकून आलेल्या नातीनं वस्तीसाठी गाण्याची जागा बांधली, ती अशी. बघायला येणारे विचारत, बाकीची इमारत कधी होणार?

प्रज्ञानं कागदावर भिंतीचं तोंड केळीच्या बागांकडे काढलं होतं. पाया खणायच्या दिवशी रुक्माबाईनं आखणीची, चुन्याच्या फक्कीची रेघ पायानं पुसली आणि काठी नाल्यापल्याड रोखली. तिथं तोताराम नानाचं दुमजली घर. तिचा नवरा देवचंद एका जयंतीला स्वतः रचलेलं गाणं म्हणत होता, तेव्हा याच नानानं माइकची तार विळ्यानं तोडली होती. तुमचं गाणं माझ्या घरात शिरता कामा नये, म्हणे. देवचंद पुन्हा गायला नाही. मेला तो मुकाच.

"शिरंल ना गं नक्की?" रुक्माबाईनं विचारलं.

"शिरेल. पण आजी, म्हातारा अंथरुणाला खिळलाय आता."

"मंग तर बरंच. उठून पळता येनार नाई त्याले."

सकाळचा वारा पडला होता. तिनं पदर खोचला आणि देवचंदचं गाणं उचललं. आवाज चिरका, सत्तरीचा. पण भिंतीनं तो घेतला, भरला आणि नाल्यावरून सरळ सोडला. नाल्यातले बगळे उडाले. पल्याड वरच्या मजल्यावर नानाची सून भाविका खिडकीशी आली, घाईघाईनं दारं ओढू लागली.

लाव, बाई, लाव. फटीतून येते. रुक्माबाईनं आवाज आणखी चढवला.

कडवं संपलं. ती श्वास घ्यायला थांबली, आणि भिंतीत कोणीतरी खोकलं.

ती दचकली. "कोन हाये?"

प्रज्ञा दगडावर तिच्या शेजारी चढली, कान दिला. "पल्याडचं आहे, आजी. इथलं तिथं जातं, तसं तिथलंही इथं येतं."

पुन्हा खोकला. मग घोगरा आवाज, कानाशी तोंड आणून बोलावं इतका जवळ. "लावू नको, भाविका. देवचंदचं गानं हाये ते. त्या टायमाले मी अर्धंच ऐकलं. पुढचं ऐकू दे."

नाल्यापल्याड खिडकी सताड उघडली.

प्रज्ञा आजीकडे वळली. "आजी, म्हण ना पुढचं."

रुक्माबाईनं खिडकीकडे डोळे भरून पाहिलं. खोचलेला पदर सोडला, नीट डोक्यावरून घेतला. मग काठी टेकत दगडावरून उतरली.

"अगं, पण गाणं?"

"घसा सुकला माझा. चहा ठेवते."

"आणि ते वाट बघतायत, त्यांचं काय?"

"पाहू दे."

ती गेली. मागं वळली नाही. दगडावर एकट्या राहिलेल्या प्रज्ञाला भिंतीतून ऐकू येत राहिलं, "म्हनते का गं? भाविका, पाह्य ना, म्हनते का ती?"