सहावा फोटो

“लेकी, पाणी पापणीआड ठेव. चार लोक बघताहेत.” सासरी निघताना आईनं कानात सांगितलेलं हे सुंदराबाईंनी पन्नास वर्षं पाळलं. आज मात्र तेच त्यांच्या पासपोर्टच्या आड येत होतं.

“चेहऱ्यामागे दडवलेलं काही सापडलं. फोटो नामंजूर,” यंत्र पाचव्यांदा म्हणालं. जुन्या कॅमेऱ्याला नुसता चेहरा स्थिर लागायचा. हा नवा कातडीखालचंही वाचायचा आणि तांबडा दिवा लावायचा.

“आई, मनात काही आणू नकोस गं!” श्रीरंग घड्याळ बघत म्हणाला. “कोंबड्या वत्सलामावशीकडे दिल्या, घराला कुलूप लावलं. आता कसली काळजी? कॅनडात तुझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय.”

“काळजी कुठं करतेय मी?” म्हणत सुंदराबाईंनी पदर सारखा केला, सोडला, पुन्हा सारखा केला. कंबरेची किल्ली चाचपली. पुन्हा चाचपली.

“हं, आता शेवटचं. तयार?” श्रीरंगनं विचारलं.

त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. पापणीआडचं पाणी या वेळी त्यांनी अडवलं नाही.

“श्रीरंगा, खोली छान आहे रे. पण मला यायचं नाही.”

हिरवा दिवा लागला. यंत्र म्हणालं, “फोटो मंजूर.”