गादीचा वास

"सहा महिने झाले, आज गाद्या उलटायच्या!" आईने फर्मान सोडलं. आईने चिमीच्या पलंगावरची गादी उलटली. खाली ताटाएवढा ओलसर पिवळा डाग!

"अगं घोडे, नववीत गेलीस ना?"

"झालं चुकून," चिमी पुटपुटली.

आई डागावर सोडा भुरभुरायला वाकली आणि थबकली. "गादीला बामचा वास कसा गं?"

"माझे... गुडघे दुखतात."

आईने समोरच्या खोलीत पाहिलं. आजोबांच्या खाटेवर चिमीची गादी होती आणि तिच्यावर ते अंग चोरून बसले होते. 'पुन्हा गादी ओली झाली तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवू,' असं बाबांनी परवाच बजावलं होतं.



आईने दार लोटलं. "धर ते टोक," ती कुजबुजली. "बाबा यायच्या आत वाळायला हवी."