गायधनी सरांचं शेवटचं वळण

सकाळी गायधनी सरांनी पोह्यांवर लिंबू पिळलं, विमानाची चाकं बुटाने ठोकून पाहिली आणि शिकाऊ मृण्मयीला शेजारी बसवून उड्डाण केलं. तीस वर्षांत एकही लँडिंग अर्धवट सोडलं नाही, हे ते सत्काराला जमलेल्या पाहुण्यांना सांगूनच आले होते.

धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना वाऱ्याने विमान पट्टीपलीकडे ढकललं. सरांनी शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या रडर पेडलवर पाय दाबून वळण आवळलं. वेग घटला, धोक्याचा भोंगा केकाटला.

"सर, विमान कोसळेल. पुन्हा फेरी मारू या."

"अगं, खाली क्लबचे अध्यक्ष हार घेऊन उभे आहेत."

"तोच फोटोला घालतील, सर."

मृण्मयीने आपल्या बाजूचा कंट्रोल धरून विमानाचं नाक खाली केलं, पंख सपाट केले, इंजिनाला पूर्ण ताकद दिली. सरांनी रेडिओवर कळवलं, "विद्यार्थिनीचं वळण चुकलं."

तिने फेरी पूर्ण केली. कंट्रोल मात्र परत दिला नाही. विमान तिनेच उतरवलं.