बंद दारामागचा जप

रिबेकाबाईंनी दाराला कान लावला. आत सून उज्ज्वला आजारी सासऱ्यांजवळ बसून काहीतरी पुटपुटत होती. हिंदू घरातली पोर; बाप्तिस्मा घेतला, तरी जुना जप सुटला नसणार. तोही चर्चच्या पाळकाच्या घरात!

त्यांनी धाडकन दार उघडलं. "कुणाचं नाव घेतेस गं?"

उज्ज्वला दचकली. "नाव कुणाचंच नाही, आई. पप्पांना दिसत नाही, ते घाबरून सारखं 'कोण आहे?' विचारतात. मी म्हणते, 'मी आहे.'"

अंथरुणातून पाळकसाहेब क्षीणपणे म्हणाले, "रिबेका, बायबलात मोशेनं देवाला नाव विचारलं, तेव्हा देवानं हेच सांगितलं, 'मी आहे.' त्या नावाचा धीर मला या अंधारात कळला."

रिबेकाबाई दारातच थबकल्या. घरची प्रार्थना त्यांनी सुनेला कधीच चालवू दिली नव्हती.

"उज्ज्वला," त्या हळूच म्हणाल्या, "आज प्रार्थना तू चालव."