समोरचा स्पीकर

"दोन्ही एकदम वाजणार," हिंदुरावांनी बैठकीत जाहीर केलं. "एक हितं, एक स्वयंपाकघरात. फोन एकच. बघाच तुमी!"

अकलूजचे पाहुणे ऋतुजाला बघायला आले होते. पोहे झाले, चहा झाला. रीतीप्रमाणे पुरुष बाहेर बसले होते आणि बायका आत. ऋतुजाने कॉलेजच्या स्पर्धेत जात्यावरच्या ओव्या म्हणून पहिला नंबर काढला होता. ते रेकॉर्डिंग दोन्हीकडच्या पाहुण्यांनी एकाच वेळी ऐकावं, असा हिंदुरावांचा बेत होता. त्यासाठी बैठकीतल्यासारखाच दुसरा स्पीकर त्यांनी कालच आणून स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवला होता. "पोरगी समोर हाय, तर तिलाच म्हणू द्या की," असं मुलाचे वडील उदयसिंह म्हणाले. हिंदुरावांनी त्यांना हातानेच थांबवलं.

हिंदुरावांना कुणाची मदत लागत नसे. निदान तसं ते सांगत. शुक्रवार पेठेत कुणाचा मिक्सर बिघडो की पाण्याची मोटार, हिंदुराव हजर. दुरुस्त होवो न होवो, उघडून बघितल्याशिवाय गडी सोडत नसे. माणसांच्या बाबतीत मात्र सगळं उलटं. थोरली बहीण वच्छला हिने समोरच्याच घरातल्या, यंत्रमागवाल्या तेलुगू मुलाशी लग्न केलं, आणि त्या दिवशी हिंदुरावांनी गल्लीकडची खिडकी जी लावली ती लावलीच. बहीण सासरी गेली ती नुसती गल्ली ओलांडून, पण ह्यांच्या लेखी ती सातासमुद्रापार गेली. मघाशी उदयसिंहांनी "भावंडं किती?" म्हणून विचारलं, तेव्हा पापणीही न हलवता ते म्हणाले होते, "मी एकटाच."

"ऋतुजा, तुझा फोन दे."

"पप्पा, मी लावते ना," ती घाईघाईने म्हणाली.

"मला येतंय."

फोनच्या यादीत एकाच नावाचे दोन स्पीकर दिसत होते. हिंदुराव खूश झाले. एक बाहेरचा, एक आतला, आणखी काय पाहिजे? नवा स्पीकर आधी फोनशी जोडून घ्यावा लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी दोन्ही नावांवर झोकात बोट ठेवलं. ऋतुजा फोन घ्यायला पुढे झाली, तोवर ओवी सुरू झालीसुद्धा.

बैठकीतला स्पीकर खणखणीत वाजला. आतून ऋतुजाची आई डोकावली. "अहो, आतला मुका हाय."

आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं. ओवी गल्लीपलीकडूनही येत होती. तोच आवाज, तेच शब्द, किंचित मागून. खिडकी बंद असूनही स्पष्ट कळत होतं. ऋतुजाने झटकन फोन घेऊन बैठकीतला स्पीकर थांबवला, तोवर समोरचाही गप्प झाला. तिकडे कुणीतरी घाबरून बटण दाबलं होतं.

"काका, आधी कधी जोडलेला असल्याशिवाय फोन दुसऱ्याचा स्पीकर असा धरत नाही," नवरा मुलगा अभिमन्यू सरळपणे म्हणाला. आपल्या आईचा चेहरा बघून त्याने जीभ चावली. त्याची आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती. तिची नजर ऋतुजावरून हलत नव्हती.

"कुणाचं घर हाय ते?" तिने विचारलं. "तरणी पोरं हाईत का तितं कुणी?"

ऋतुजाने मान खाली घातली. तिच्या आईने हिंदुरावांकडे बघितलं, आणि बायकोला सगळं ठाऊक होतं, हे त्यांना त्या बघण्यातूनच समजलं. पोरगी रोज चहाच्या वेळी माडीवरच्या गॅलरीत जाऊन उभी राहते, ती कशाला, हेही समजलं. आत्याला ह्या घरात पाय ठेवता येत नव्हता, म्हणून भाची फोनवरून गाणं तिच्या घरातल्या तसल्याच स्पीकरवर पोचवत होती. आणि ओव्या! त्या हिंदुरावांच्या आईच्या. आई गेली तेव्हा ऋतुजा जन्मलीही नव्हती. त्या पोरीला शिकवू शकेल असं एकच माणूस जगात उरलं होतं. गावभर ह्याच ओव्यांची फुशारकी मारत फिरताना, त्या पोरीला आल्या कुठून, एवढं मात्र ह्या गृहस्थांनी कधी उघडून बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

खरं सांगावं तर मघाचं खोटं उघडं पडणार. वर परजातीत गेलेली बहीण. असं चांगलं स्थळ हातचं जाणार. गप्प बसावं तर पोरीच्या नावाला बट्टा. उदयसिंह उत्तराची वाट बघत होते.

हिंदुराव उठले. खिडकीची कडी गंजली होती. दोन हिसके दिले तेव्हा निघाली. समोरच्या दारात वच्छला उभी होती. तिने स्पीकर पदराआड धरला होता. तिचे केस पार पांढरे झाले होते आणि हे त्यांना आज कळत होतं.

"पावणं, मगाशी मी खोटं बोललो," ते वळून म्हणाले. आवाज नेहमीसारखाच ठाम होता. "ती माझी थोरली बहीण. पोरीला ओव्या तिनंच शिकवल्यात. आता तुमचं तुमी ठरवा."

कुणी काही बोलायच्या आत ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले,

"आक्का, बंद कशाला केलंस? लाव की! न्हायतर असं कर, हिकडंच ये. आत्याबिगर कुटं पोरगी दाखवत्यात व्हय?"