म्हाताऱ्या फायटरचा व्यायाम

घड्याळजींचा फायटर मासा चार वर्षांचा झाला होता, म्हणजे त्याच्या जातीत पार म्हातारा. घड्याळजी दाणा भिजवून मऊ करायचे आणि घड्याळं दुरुस्त करायच्या चिमट्यानं त्याच्या तोंडाशी धरायचे. "समोर आरसा धरा. दुसरा मासा समजून चवताळेल, तेवढाच व्यायाम," असं मासेवाल्या दुकानदारानं सांगितलं होतं, पण आरसा दिसला की हा पाठ फिरवायचा. गेले दोन दिवस तर त्यानं दाण्यालाही तोंड लावलं नव्हतं.

त्या सकाळी खालच्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त मास्तर तावातावानं वर आले. "अहो घड्याळजी, टाकीचं पाणी बदलताय की माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना आंघोळ घालताय?"

बोलता बोलता ते माशाच्या टाकीपुढे वाकले. त्यासरशी माशानं कल्ले फुगवले, सगळे पर पसरले आणि थेट मास्तरांच्या नाकासमोर काचेवर धडक मारली. मग समोरचा दाणाही गट्ट केला.

घड्याळजींनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. "मास्तर, उद्याही याल का हो भांडायला?"

"मला काय दुसरे उद्योग नाहीत?" असं म्हणून मास्तर पाय आपटत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींच्या बायकोनं दार उघडलं, तर इस्त्रीचा शर्ट घालून मास्तर उभे.

 

"वहिनी, आधी चहा टाका," ते म्हणाले, "आज भांडण जरा लांबणार आहे."